दम्याचे निदान: अदमास नको, मोजणी हवी

शेतकरी आपला माल काट्यावर चढविल्यावाचून आडत्याच्या स्वाधीन करीत नाही. दुधात स्निग्धांश किती हे यंत्राने पाहिल्यावाचून डेअरी दर लावीत नाही, आणि बांधाचा तंटा पडला तर मोजणीदाराने मोजणी केल्यावाचून दोन्ही बाजूंचे समाधान होत नाही. असे असता, ज्या एका गोष्टीवाचून माणूस काही मिनिटेही जगू शकत नाही, त्या श्वासाच्या बाबतीत मात्र आपण निव्वळ अदमासावर वर्षानुवर्षे भिस्त ठेवून असतो, ही आम्हांस मोठ्या नवलाची व तितकीच खेदाची बाब वाटते. छातीत घरघर झाली, धाप लागली, रात्री खोकला उठला, की घरातील वडीलधारी मंडळी ‘दमा’ म्हणतात. गावचा डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतो. आणि तेथून पुढे इंजेक्शने, गोळ्या व पथ्ये यांचा जो क्रम सुरू होतो तो कित्येकदा जन्मभर संपत नाही. ह्या सर्व काळात रोग्याचा श्वास एकदाही मोजला गेलेला नसतो. ही वहिवाट मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. व ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

दमा म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात पाहू. फुफ्फुसात वारा नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्यांस आतून सूज राहते, व धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा सर्दी-पडसे यांचे निमित्त होताच त्या नळ्या आवळल्या जातात. वारा आत जातो, पण बाहेर पडताना अडतो. त्यामुळेच शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. ह्या रोगाची मुख्य खूण अशी की अडथळा कायम एकसारखा राहत नाही. आज आहे, उद्या नाही. पहाटे आहे, दुपारी नाही. औषध घेतले की सुटतो, धुळीत गेले की पुन्हा येतो. हा चढउतार ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व तपासणीचे मर्म वाचकांस सहज कळेल.

श्वास मोजण्याची कल्पना काही कालपरवाची नव्हे. लंडन येथील जॉन हचिन्सन नामक वैद्याने 1846 साली पाण्यावर उपडी टांगलेल्या भांड्यात लोकांस फुंकावयास लावून, दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला व त्या यंत्रास स्पायरोमीटर हे नाव दिले. किती वारा बाहेर आला, एवढेच त्यातून कळे. पुढे 1947 साली फ्रान्समध्ये टिफनो व पिनेली यांनी पहिल्या एका सेकंदात किती वारा बाहेर पडतो, हे पाहण्याचे महत्त्व दाखवून दिले. वारा अडतो की नाही हे एकूण मापापेक्षा त्याच्या वेगावरून अधिक कळते. विहिरीत पाणी किती आहे हे एक, आणि पाइपातून ते किती जोराने पडते हे दुसरे. पाइप आतून चोंदला असेल तर विहीर भरलेली असूनही पाट कोरडा राहतो, हा अनुभव बागायतदारांस नवा नाही.

आता ही तपासणी कशी होते ते पाहू. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘पीएफटी’ किंवा ‘स्पायरोमेट्री’ असे लिहिलेले असते. रोग्यास खुर्चीवर ताठ बसवितात व नाकास चिमटा लावतात. त्याने पोटभर श्वास आत घ्यावयाचा, नळी ओठांत घट्ट धरावयाची, आणि सर्व बळ एकवटून एकदम फुंकून फुफ्फुसे पूर्ण रिती होईपर्यंत, म्हणजे सुमारे सहा सेकंद, फुंकीत राहावयाचे. ही फुंक निदान तीन वेळा नीट जमली पाहिजे व त्यांतील उत्तम दोन फुंकींची मापे एकमेकींशी जुळली पाहिजेत. त्यांत दीडशे मिलिलिटरहून अधिक फरक असल्यास पुन्हा फुंकावे लागते. सुई टोचणे नाही, रक्त काढणे नाही. मात्र रोग्याने अंग चोरले किंवा तपासनिसाने नीट समजावून सांगितले नाही तर आकडे खोटे येतात. सबब, ही तपासणी माणसाच्या मनापासूनच्या कष्टावर अवलंबून आहे, हे विसरू नये.

यंत्र मुख्यतः दोन आकडे देते: एकूण किती वारा बाहेर आला, व त्यांपैकी पहिल्या सेकंदात किती आला. निरोगी प्रौढ माणसाच्या एकूण फुंकीचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पहिल्याच सेकंदात बाहेर पडतो. हे प्रमाण साधारणतः शेकडा 70 च्या खाली गेले तर नळ्यांत अडथळा आहे असे समजतात. तरुणांस ही मर्यादा थोडी वर, वृद्धांस थोडी खाली धरावी लागते. उदाहरणार्थ, एकूण फुंक 3000 मिलिलिटर व पहिल्या सेकंदाची 1800 असेल, तर प्रमाण शेकडा 60 झाले. म्हणजे अडथळा आहे.

परंतु अडथळा आहे एवढ्याने दमा सिद्ध होत नाही. येथे तपासणीचा दुसरा भाग येतो, व तोच आमच्या मते अधिक मोलाचा आहे. रोग्यास नळ्या सैल करणारे सालब्युटामॉल नावाचे औषध पंपातून देतात, दहा ते पंधरा मिनिटे थांबवितात आणि पुन्हा फुंकावयास लावतात. पहिल्या सेकंदाचा आकडा निदान शेकडा 12 ने आणि निदान 200 मिलिलिटरने वाढला, तर अडथळा सुटणारा आहे असे ठरते व दम्याच्या बाजूने बळकट पुरावा मिळतो. वरील उदाहरणात 1800 चे 2200 झाले, तर वाढ 400 मिलिलिटरची, म्हणजे शेकडा 22 ची झाली. कोणी म्हणेल, औषधाने बरे वाटले एवढे पुरे नाही काय? आमचे उत्तर असे की, बरे वाटणे व बरे होणे यांतील अंतर आकड्यावाचून कळत नाही.

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. तेथे पैसेवारी ठरविताना प्रथम नजरअंदाज पैसेवारी होते, मग सुधारित, आणि शेवटी प्रत्यक्ष पीक कापणी प्रयोगावरून अंतिम पैसेवारी जाहीर होते. नजरअंदाज निरुपयोगी असतो असे नव्हे; अनुभवी डोळ्यास पुष्कळ दिसते. परंतु पैसेवारी 50 च्या आत आहे की बाहेर, ह्यावर जेव्हा गावाच्या सवलती अवलंबून असतात, तेव्हा नुसत्या डोळ्यावर कोणीच विसंबत नाही. दम्याच्या बाबतीतही तसेच आहे. रोग्याची हकिकत ऐकणे व छातीस नळी लावणे हा नजरअंदाज. फुंकीची मोजणी हा कापणी प्रयोग. दोन्ही पाहिजेत.

आणि जसे एका वाफ्यावरून साऱ्या गावाचे पीक ठरत नाही, तसे एका दिवसाच्या फुंकीवरून दमा नाही असेही ठरत नाही. आम्ही वर सांगितलेच की ह्या रोगात चढउतार असतो. तपासणीच्या दिवशी नळ्या मोकळ्या असल्या तर आकडे अगदी निरोगी माणसासारखे येऊ शकतात. अशा वेळी ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणून रोग्यास परत पाठविणे हाही अन्यायच होय. ह्यासाठी सोपा उपाय आहे तो पीक फ्लो मीटर नावाच्या लहानशा नळीचा. ह्या मीटरची पहिली आवृत्ती 1959 साली इंग्लंडात राइट यांनी प्रसिद्ध केली. आज मिळणारी हलकी प्लॅस्टिकची नळी साध्या पाठीवरच्या फवारणी पंपाच्या किमतीहून स्वस्त असते, व ती घरी ठेवता येते. रोज सकाळी व सायंकाळी तीन वेळा जोराने फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत टिपावयाचा. असे दोन आठवडे केले म्हणजे चढउतार डोळ्यांसमोर उभा राहतो. समजा, सकाळी आकडा 300 व सायंकाळी 380 आला. फरक 80, सरासरी 340, म्हणजे त्या दिवसाचा चढउतार सुमारे शेकडा साडेतेवीस झाला. रोजच्या अशा आकड्यांची दोन आठवड्यांची सरासरी प्रौढांत शेकडा 10 हून व मुलांत शेकडा 13 हून अधिक आली, तर तो दम्याच्या बाजूचा पुरावा मानतात. जो शेतकरी पर्जन्यमापकाचे आकडे रोज लिहितो, त्यास हे अवघड का वाटावे?

शेतकऱ्यास ह्या वहीचा आणखी एक विशेष उपयोग आहे, तो शहरातल्या कारकुनास तितका नाही. ज्वारी-बाजरीची मळणी, सोयाबीनचे मळणीयंत्र, कोंबड्यांचे शेड, जुनाट भुसकट, पेंढ्याची गंज, कापसाचा तंतू, ह्यांपैकी आपला वैरी कोणता हे त्यास ठाऊक नसते. मळणीच्या दिवसांत आणि विश्रांतीच्या दिवसांत दिवसातून चार वेळा फुंकून आकडे लिहिले, व कामाच्या दिवशी ते पडतात आणि सुटीच्या दिवशी चढतात असे आढळले, तर वैरी सापडला. मग तोंडास फडके बांधावे, की ते काम दुसऱ्यावर सोपवावे, हा विचार आकड्यांच्या आधाराने करता येतो. गाजरगवताचे, म्हणजे लोक ज्यास काँग्रेस गवत म्हणतात त्याचे, परागकण सर्दी व दमा वाढवितात हे सर्वश्रुत आहे. 1955-56 च्या सुमारास हे तण आपल्या पुण्यातच प्रथम ध्यानात आले, व तेथून ते देशभर पसरले. फुलोऱ्यापूर्वी ते उपटणे हे पिकाच्या तितकेच छातीच्याही हिताचे आहे.

दम्यासारखे दिसणारे पण दमा नसलेले रोगही थोडे नाहीत, आणि मोजणीचा आग्रह आम्ही धरतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. ज्या माउलीने तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी धरली, तिला लागणारी धाप कित्येकदा दम्याची नसून धुराने नळ्या कायमच्या अरुंद झाल्याची असते. तीत औषधानंतरही प्रमाण शेकडा 70 च्या वर येत नाही. हा रोग केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, अशी जगभर समजूत होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकातील लेखात, धूम्रपान न करणाऱ्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो व चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, हे मांडले. साखर कारखान्यातील बुरशी चढलेल्या बगॅसच्या किंवा कुजक्या पेंढ्याच्या धुळीने फुफ्फुसच ताठर होते. त्यात एकूण फुंकच घटते, पण पहिल्या सेकंदाचे प्रमाण चांगले राहते. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रथम थुंकी तपासून क्षय नाही याची खात्री केली पाहिजे. ह्या सर्वांस ‘दमा’ ह्या एकाच दावणीला बांधणे म्हणजे तांबेरा, मावा व पाण्याचा ताण ह्या तिघांवर एकच औषध फवारण्यासारखे आहे.

आम्ही निवृत्तीनंतर विश्रांतवाडीस राहतो. आळंदीच्या रस्त्यावरील ही वस्ती. माउलींची पालखी आषाढी वारीस निघून पुण्याकडे येते ती ह्याच वाटेने. खेड तालुक्यातील आमच्या ओळखीचे शेतकरी औषधपाण्यासाठी शहरात येतात तेव्हा आमच्याकडे उतरतात. त्यांपैकी एका गृहस्थांच्या पत्नीस अकरा वर्षे ‘दमेकरी’ म्हणून गोळ्या दिल्या जात होत्या. त्या गोळ्यांत स्टिरॉइड होते हे घरात कोणासही ठाऊक नव्हते. मधुमेह जडला, हाडे ठिसूळ झाली, आणि धाप होती तशीच राहिली. शहरात पहिल्यांदा श्वास मोजला तेव्हा अडथळा आहे, पण औषधाने तो सुटत नाही, असे दिसून आले. तो चुलीचा रोग होता. अकरा वर्षांत कोणीही बाईंस फुंकावयास सांगितले नव्हते. ह्यात आम्ही एकट्या डॉक्टरास दोष देत नाही. तपासणी मागणारा रोगीच नसेल तर यंत्र तरी कोण विकत घेईल?

उलट बाजूचेही ऐका. ज्यांस खरोखर दमा आहे, त्यांपैकी बहुतेकांस तो असल्याचे कोणी सांगितलेलेच नसते. पुण्यासह देशातील नऊ शहरांत झालेली व 2022 साली प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी असे सांगते की, घरघरीचा त्रास चालू असलेल्यांपैकी शेकडा 82 जणांस दम्याचे निदान झालेले नव्हते. तीव्र त्रास असलेल्यांतही ते प्रमाण शेकडा 70 होते. 2016 साली भारतात दम्याचे सुमारे 3 कोटी 79 लक्ष रोगी असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे एका बाजूस दमा नसलेले दम्याची औषधे खातात आणि दुसऱ्या बाजूस दमा असलेले औषधावाचून राहतात. दोहोंचे मूळ एकच: मोजणीचा अभाव.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खर्चाचा. तपासणीस काही शे रुपये, क्वचित हजाराच्या घरात, लागतात हे खरे. पण चुकीच्या औषधाचा एका वर्षाचा खर्च मांडून पाहावा, म्हणजे कोणते महाग ते कळेल. दुसरा आक्षेप पंपाचा: ‘एकदा पंप लागला की सुटत नाही.’ वस्तुतः पंपातील औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट नळ्यांत जाते. तोंडाने घेतलेली गोळी मिलिग्रॅममध्ये साऱ्या शरीरात फिरते. सूज कमी करणारा पंप नियमित घेणे हाच दम्याचा मुख्य उपचार होय. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर दमा भागवू नये, असे जगातील तज्ज्ञ 2019 पासून सांगत आले आहेत.

तिसरा आक्षेप लोक उघड बोलत नाहीत, पण तोच सर्वांत जड आहे. मुलीस दमा आहे असे कागदावर आले तर तिचे लग्न कसे जमावे? ह्या भीतीपायी कित्येक मुलींचा खोकला ‘सर्दी’ म्हणून झाकला जातो. आम्ही वाचकांस एवढेच विचारतो की, झाकलेला दमा सासरच्या घरात, बाळंतपणात किंवा मळणीच्या धुळीत उफाळून आला, तर त्या मुलीचे काय होईल? नीट निदान झालेला व औषधाखाली असलेला दमेकरी शेतात राबतो, खेळतो, संसार करतो. सातबाऱ्यावरील बोजा लपवून केलेला व्यवहार जसा पुढे कोर्टात जातो, तसेच हेही आहे.

कोजागिरीच्या चांदण्यात खिरीतून दम्याचे औषध देण्याची वहिवाट आपल्याकडे आहे. हैदराबादेस मृगाच्या मुहूर्तावर माशाबरोबर औषध घेण्यास दुरून लोक जातात. कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचे आमच्या मनात नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जाण्यापूर्वी फुंकून आकडा लिहावा, आल्यावर महिनाभर फुंकून आकडा लिहावा, आणि तोवर चालू औषध बंद करू नये. गुण आला असेल तर तो आकड्यात दिसेलच.

तपासणीस जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती करण्यापूर्वी तात्पुरत्या आरामाचा पंप किमान चार तास घेऊ नये असा साधारण नियम आहे. परंतु कोणते औषध किती वेळ थांबवावयाचे हे डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. नुकतेच मोतीबिंदूचे, पोटाचे वा छातीचे ऑपरेशन झाले असेल, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा क्षयाचा संशय असेल, तर ते आधी सांगावे. अशा वेळी तपासणी पुढे ढकलतात. पाच वर्षांखालील मुलांस ही फुंक सहसा जमत नाही. तेथे डॉक्टरांच्या अनुभवावरच विसंबावे लागते. आणि धाप इतकी लागली असेल की वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळे पडले आहेत, तर मोजणीची वाट न पाहता आधी उपचार, मोजणी मागाहून. साध्या तपासणीने उलगडा न झाल्यास मोठ्या रुग्णालयांत नळ्यांस मुद्दाम किंचित चिथावणी देऊन पहिल्या सेकंदाचा आकडा शेकडा 20 ने घसरतो काय हे पाहण्याची, तसेच उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजण्याचीही सोय असते.

शेवटी, आमच्या संघाने काय करावे, हे सांगून लेखणी आवरतो. संघाच्या प्रत्येक शाखेने एक पीक फ्लो मीटर व प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र तोंडनळ्या ठेवाव्यात, आणि दोन आठवड्यांच्या नोंदीचा छापील तक्ता सभासदांस द्यावा. मळणीच्या हंगामापूर्वी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस भेटून, तेथे स्पायरोमीटर आहे काय, असल्यास तो चालविणारा शिकलेला माणूस आहे काय, ही चौकशी लेखी करावी. नसल्यास तालुका व जिल्हा परिषदेकडे ठराव करून मागणी करावी. यंत्र कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा न घेतलेले बरे. एखाद्या शिबिरात फुंकून कागद फेकून देण्यातही अर्थ नाही; खरेदीखत जपतो त्याप्रमाणे प्रत्येक तपासणीचा कागद तारखेसह जपावा, कारण मागील आकड्याशी ताडून पाहिल्यावरच पुढील आकड्यास अर्थ येतो.

आणि प्रत्येक वाचकाने आपल्या घरापुरते एवढे करावे: घरात ज्या कोणास ‘दमेकरी’ म्हणतात, त्यांस येत्या महिन्यात एक प्रश्न विचारावा, ‘तुमचा श्वास कधी मोजला होता?’ उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, तर पुढची खेप डॉक्टरकडे जाताना ‘औषध द्या’ म्हणण्याआधी ‘फुंकून पाहा’ असे म्हणावे. हा आपला हक्क आहे, व तो मागण्यास संकोच करण्याचे कारण नाही.